परळच्या बायका आणि लाल गोळी

कुणी भाकऱ्या थापत ऐकत असेल, कुणी गोठ्यात, कुणी शिवणयंत्रावर. हातातलं काम सोडू नका, फक्त कान इकडे असू द्या.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बायका उठायला लागल्या. सहा महिन्यांची गरोदर असलेली एक सून भिंतीला धरून उठली. तिला आपण सुमन म्हणू, हे तिचं खरं नाव नाही. ओठ पांढरे, डोळ्यांखाली सूज. "डोळ्यांपुढं अंधारी येते ताई," म्हणाली. मी विचारलं, "आशाताईंनी दिलेल्या गोळ्या घेतेस ना?" ती गप्प. मग मला घरी घेऊन गेली आणि डाळीच्या डब्यामागून पाकिटं काढून दाखवली. लाल गोळ्या, एकही फोडलेली नाही. "बाळ काळं होतं म्हणतात," हळूच म्हणाली.

मी तिला रागावले नाही. माझ्या दुसऱ्या वेळी माझंही हिमोग्लोबिन सातावर आलं होतं. तपासणीच्या खोलीत दहा बायकांसमोर मला खडसावून विचारलं गेलं, "काही खात नाहीस का गं?" प्रश्न अगदी बरोबर होता, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. पुढचा नंबर पुकारला गेला. मान खाली घालून मी बाहेर आले आणि पुढच्या तपासणीला गेलेच नाही.

बी. ए.ला मी इतिहास घेतला होता. त्यात लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. पण आपल्या रक्ताचा इतिहास त्यात कुठे नव्हता. या लाल गोळीत लोह असतं आणि त्याबरोबर फोलिक ॲसिड नावाचं एक ब जीवनसत्त्व असतं. त्या फोलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईत, परळला, गिरणगावात सुरू झाली. "काय खातेस?" हाच प्रश्न एका बाईनं तिथल्या बायकांना विचारला आणि उत्तर ऐकायला ती थांबली. आज तीच गोष्ट सांगते.

पण त्याआधी जरा मागं जायला हवं, कारण ब जीवनसत्त्व म्हणजे काय ते कळलं की पुढचं सोपं जाईल.

सव्वाशे वर्षांपूर्वी जावा बेटावर डच लोकांचं राज्य होतं. तिथं सैनिकांना आणि कैद्यांना बेरीबेरी नावाचा आजार व्हायचा. पाय लुळे पडायचे, अंग सुजायचं, माणूस दगावायचा. क्रिस्तियान आइकमान नावाचे डॉक्टर त्यामागचा जंतू शोधत होते. एक दिवस त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लंगडायला लागल्या. जंतू काही सापडेना. काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, पॉलिश केलेला भात घातला जात होता. नवीन स्वयंपाकी आला आणि त्यानं लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायचं बंद केलं. मग त्यांना साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या चालायला लागल्या.

आइकमान यांना आधी वाटलं, की पांढऱ्या भातात काही विष असावं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. त्यांच्या पाठोपाठ तिथं काम करणाऱ्या ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये वेगळा विचार मांडला. विष वगैरे काही नाही, पांढऱ्या भातात काहीतरी कमी आहे, असं ते म्हणाले. हा विचार त्या काळात डोक्यात शिरणं अवघड होतं. आजार म्हटलं की बाहेरून काहीतरी अंगात शिरलं असणार, अशीच सगळ्यांची समजूत होती. आपणही म्हणतो ना, नजर लागली, बाधा झाली. जी गोष्ट ताटात नाहीच, ती डोळ्यांना दिसणार कशी?

१९१२ मध्ये काझिमीर फुंक या शास्त्रज्ञानं अशा पदार्थांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचवलं. आपण त्याला जीवनसत्त्व म्हणतो. तुपातेलात विरघळणारं ते 'अ' आणि पाण्यात विरघळणारं ते 'ब', अशी सुरुवातीची वाटणी होती. पुढे लक्षात आलं, की 'ब' हे एकच नाही, ते एक मोठं एकत्र कुटुंब आहे. आज त्यात आठ जीवनसत्त्वं धरतात. कोंड्यातलं होतं ते ब-१. कुणी अन्नातून ताकद काढायला लागतं, कुणी नसांना, कुणी रक्ताला. आणि ती पाण्यात विरघळतात, म्हणून भाजी उकळून पाणी ओतून दिलं की त्यांतली बरीचशी मोरीत जातात.

आता मुंबईला येऊ. साल १९२८.

त्या वर्षी गिरणगाव धुमसत होतं. गिरण्यांचा मोठा संप झाला, जवळजवळ सहा महिने चालला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे भागांतली आपलीच माणसं. गिरणीत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई असायची. बायका बहुतेक करून वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामाला. पहाटे उठून चूल, मग भोंगा, मग दिवसभर उभं काम, आणि परत आल्यावर पुन्हा चूल. चाळीतली एक खोली आणि तिच्यात दहा माणसं. पोटुशी बाई दिवस भरेपर्यंत कामावर, कारण रजा घेतली तर पगार नाही.

त्याच १९२८ मध्ये, गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाच्या काळात पैसे मिळावेत म्हणून मुंबई कायदेमंडळात विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कायदेमंडळाचे सभासद होते. त्यांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं. १९२९ मध्ये तो कायदा झाला, देशातला त्या तऱ्हेचा पहिला. हे मी मुद्दाम सांगते. बाळंतीण मरते ती तिच्या नशिबानं, असं मानणारं जग त्या दोन वर्षांत मुंबईत दोन ठिकाणी हलायला लागलं होतं. एक ठिकाण कायदेमंडळ, आणि दुसरं परळची एक प्रयोगशाळा.

ती प्रयोगशाळा म्हणजे हाफकिन संस्था. प्लेगची लस शोधणारे डॉक्टर हाफकिन यांचं नाव तिला आहे. परळचा जुना गव्हर्नरचा बंगला, त्यात ती १८९९ पासून आहे आणि आजही आहे. आजूबाजूला गिरण्यांची धुराडी. तिथं बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी चालली होती. इतक्या बायका गरोदरपणात आणि बाळंतपणात का मरतात, हा विषय. वर्षानुवर्षं भारतात बायकांसाठी काम केलेल्या स्कॉटिश डॉक्टर मार्गारेट बाल्फोर यांनी या कामासाठी लंडनहून एका बाईंना बोलावलं. त्यांचं नाव लूसी विल्स.

लूसीबाई तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या. जन्म १८८८ चा. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, १९११ मध्ये परीक्षा दिली. पण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवी देत नसे. परीक्षा द्या, पास व्हा, पदवी मात्र पुरुषांना. १९४८ पर्यंत तिथं असंच चाललं. आपल्याला वाटतं, हे सगळं आपल्याकडेच होतं! नंतर त्या लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटला नाही. प्रयोगशाळेत रक्त तपासण्याच्या कामात रमल्या. लग्न केलं नाही. मोटार सोडून सायकलवर कामाला जाणाऱ्या बाई.

मुंबईत त्यांच्यासमोर आलेला आजार असा होता. गरीब घरातल्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडायच्या. धाप लागायची, अंग सुजायचं, आणि कित्येक जणी बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर दगावायच्या. आपल्याकडे जुनी माणसं याला पांडुरोग म्हणत. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिलं की तांबड्या पेशी फार थोड्या, पण आकारानं नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या.

हे आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. आपल्या हाडांच्या आत मगज असतो, तिथं रक्ताच्या पेशी तयार होतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, अशा त्या वाढतात. कणकेच्या गोळ्याच्या लाट्या पाडाव्यात तसं. लोह कमी असेल तर लाट्या लहान आणि फिकट होतात. पण दुसरा एक पदार्थ कमी असेल तर गोळा नुसता फुगत राहतो, त्याच्या लाट्याच पडत नाहीत. पेशी मोठ्या, पण मोजक्या. मुंबईच्या या बायकांच्या रक्तात तेच दिसत होतं. तो दुसरा पदार्थ कोणता, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

लूसीबाईंनी आधी रीतसर जंतू शोधले, आतड्यांतला काही संसर्ग आहे का ते पाहिलं. त्यातून काही हाती लागलं नाही. मग त्यांनी ताटाकडे मोर्चा वळवला. मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, किती खातात, कशा घरात राहतात, याची पाहणी केली. ही पाहणी १९३० मध्ये छापली गेली. त्या काळातल्या त्यांच्या शोधनिबंधांवर मेहता, तळपदे, बिलिमोरिया अशी आडनावंही आहेत. म्हणजे आपल्या इथल्या माणसांनी बरोबरीनं काम केलं होतं. घरोघरच्या बायकांशी बोलायचं, चुलीवर काय शिजतं ते विचारायचं, हे भाषा जाणणाऱ्या माणसांवाचून कसं होणार?

पाहणीतून जे दिसलं ते साधं होतं. जिचं ताट जितकं गरीब, तितकी ती बाई आजारी पडण्याची शक्यता जास्त. सगळ्यात निकृष्ट आहार गरीब मुसलमान बायकांचा होता आणि आजारही त्यांच्यातच सगळ्यात जास्त होता. यात धर्माचा संबंध नव्हता. घरात पैसा नाही, बाहेर पडायला मोकळीक नाही आणि ताटात ताजी भाजी, फळ, दूध, डाळ, मटण यांतलं फारसं काहीच नाही. खात्यापित्या घरच्या गरोदर बाया या आजारातून सुटत होत्या. गरोदरपण दोघींचंही होतं. फरक होता तो ताटात.

आता हे सिद्ध करायला हवं होतं. लूसीबाईंनी पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना या गरीब बायकांसारखाच आहार दिला. गाभण माद्यांचं रक्त कमी झालं, कित्येक पिल्लं व्हायच्या आधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळलं तर मात्र हे टळत होतं. वाटलं, सापडलं! पण नंतर लक्षात आलं, की उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि उवांमधून पसरणाऱ्या जंतूनंही रक्त कमी होतं. म्हणजे प्रयोग नासला. दुसरं कुणी असतं तर ते झाकून ठेवलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी माकडांवर. आपल्या हिशेबाच्या वहीत चूक सापडली की आपण पान फाडत नाही, रेघ मारून पुन्हा लिहितो, तसंच.

याच काळात, १९२९ मध्ये, त्या काही महिने दक्षिणेत कुन्नूरला गेल्या. तिथं आहारावर संशोधन करणारे मॅक्करिसन होते. पुढे मद्रासच्या बायकांच्या रुग्णालयातही त्यांनी काम केलं. पण मुख्य ठाणं मुंबईच.

तेव्हा दुसऱ्या एका प्रकारच्या पांडुरोगावर अमेरिकेत उपाय सापडलेला होता. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर कलेजी खाऊ घालून बरं केलं होतं. पण कलेजीचा अर्क महाग. गिरणीतल्या बाईला तो परवडणार कसा? आणि आपल्याकडे कितीतरी घरांत कलेजीचं नावही काढत नाहीत. स्वस्त काहीतरी हवं होतं, कुणालाही चालेल असं.

मार्माइट नावाचा एक पदार्थ इंग्लंडात १९०२ पासून मिळत होता. बिअर गाळल्यावर पिंपाच्या तळाशी यीस्टचा साका राहतो, त्याचा हा काळपट, खारट, चिकट अर्क. तिकडे लोक तो पावाला लावून खातात. किमतीला स्वस्त. ब जीवनसत्त्वं त्यात भरपूर, हे माहीत होतं. लूसीबाईंनी रक्त कमी झालेल्या माकडाला मार्माइट दिलं आणि ते सुधारलं. बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. काही दिवसांतच रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागायच्या, चेहऱ्यावर रंग यायचा. मरणाच्या दारातल्या बायका उठून बसल्या. १९३१ मध्ये त्यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला आणि परळच्या बायकांची गोष्ट जगभर गेली.

यीस्टमध्ये नेमकं काय आहे ते मात्र अजून कळलं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत लूसीबाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. कलेजीचा कच्चा अर्क या बायकांना लागू पडायचा, पण जास्त शुद्ध केलेला अर्क लागू पडायचा नाही. म्हणजे अमेरिकेतल्या पांडुरोगाचं औषध वेगळं आणि या बायकांचं वेगळं. शुद्ध करताना यांचं औषध बाजूला काढलं जात होतं. नाव नसलेल्या त्या पदार्थाला लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

त्याला नाव मिळालं १९४१ मध्ये. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून एक पदार्थ चिमूटभर वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून नाव पडलं फोलिक ॲसिड. पाल्यातलं आम्ल! चार टन पालकाचा ढीग डोळ्यांपुढे आणा म्हणजे हे काम किती किचकट होतं ते कळेल. हळूहळू उलगडलं, की यीस्टमधलं, कलेजीतलं आणि पाल्यातलं हे द्रव्य एकच आहे. आज त्याला ब-९ असंही म्हणतात.

आणि ते कारखान्यात बनवता यायला लागलं त्यात मोठा वाटा आंध्रातल्या भीमावरमच्या एका मुलाचा आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५ चा. आतड्यांच्या स्प्रू नावाच्या आजारानं त्यांच्या घरातली माणसं गेली, ते स्वतःही त्यातून मरता मरता वाचले. या आजारात अन्न अंगी लागत नाही, आणि फोलिक ॲसिडही कमी पडतं. पुढे ते अमेरिकेला गेले. तिथं एका औषध कंपनीत त्यांच्या हाताखालच्या चमूनं १९४५ च्या सुमारास फोलिक ॲसिड कृत्रिम रीतीनं तयार केलं. तेव्हा कुठं ते गोळीत भरता आलं. सुब्बाराव १९४८ मध्ये गेले.

त्याच १९४८ मध्ये अमेरिकेतल्या पांडुरोगाचं औषधही वेगळं काढता आलं. ते ब-१२. म्हणजे दोन बहिणी, दोघीही रक्तासाठी लागतात, पण एकीचं काम दुसरी करत नाही.

पुढचा टप्पा आपल्या लेकीसुनांच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. काही बाळं पाठीच्या कण्याला फट घेऊन जन्मतात, काहींच्या डोक्याची कवटी नीट बनलेली नसते. पूर्वी लोक म्हणायचे, ग्रहणात भाजी चिरली, म्हणून असं झालं. दोष आईचाच! ज्यांना आधी असं मूल झालेलं होतं अशा बायकांवर सात देशांत मिळून एक मोठी चाचणी झाली. १९९१ मध्ये तिचा निकाल आला. गर्भ राहण्याच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेणाऱ्या बायकांमध्ये हे व्यंग ७२ टक्क्यांनी कमी झालं होतं. बाळाचा कणा गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो. तोवर पाळी चुकलीय हेसुद्धा कित्येकींना कळलेलं नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं, की तेव्हापासूनच आशाताईंना किंवा सिस्टरना सांगून फोलिक ॲसिडची गोळी सुरू करायची. दिवस गेल्यावर नव्हे, आधी.

आपल्या सरकारनं १९७० मध्ये लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या वाटायची योजना सुरू केली. आज चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. नखाच्या टोकावर दिसणारही नाही एवढंसं! अशा १८० गोळ्या गरोदरपणात आणि तितक्याच बाळंतपणानंतर. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी असते, ती त्याच कुळातली.

तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर गरोदर बायकांपैकी ५२ जणींचं रक्त कमी निघालं. गोळी आहे, ती फुकट आहे, तिचा शोध आपल्या मुंबईतून सुरू झालेला आहे. मग रक्त कमी का? सगळं खापर डाळीच्या डब्यामागच्या पाकिटांवर फोडता येणार नाही. ताटाकडेही पाहायला हवं.

आता सुमनच्या शंकेकडे येऊ. गोळीतल्या लोहानं शौचाला काळं होतं, त्यात काही बिघडत नाही. मला वाटतं, त्यावरूनच बाळ काळं होतं ही समजूत निघाली असावी. बाळाचा रंग आईबापांकडून येतो, गोळीतून नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर कधीच नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. ताटात लिंबाची फोड असेल तर लोह जास्त लागतं.

आणि खाण्याचं. फोलिक ॲसिड हरभऱ्यात, चवळीत, मुगात, शेंगदाण्यात, पालक, मेथी, शेपूसारख्या पालेभाज्यांत आहे. फार वेळ शिजवलं की ते नासतं, म्हणून भाजी चिरण्याआधी धुवायची, झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवायची आणि ते पाणी फेकायचं नाही. भाताची पेज ओतून देऊ नये, कोंबड्यांची गोष्ट आठवा! ब-१२ मात्र कुठल्याच भाजीपाल्यात नाही. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांत असतं. आपल्यातल्या बऱ्याच जणी माळकरी, उपासतापास करणाऱ्या. त्यांनी दूधदह्याचं पाहावं. हातापायांना सतत मुंग्या येत असतील, तोल जात असेल तर डॉक्टरांना सांगून ब-१२ तपासून घ्यावं. नुसत्या फोलिक ॲसिडनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून दुकानातून मनानं गोळ्या आणून खाऊ नयेत.

लूसी विल्स पुढे इंग्लंडला परतल्या, संशोधन करत राहिल्या आणि १९६४ मध्ये गेल्या. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या लंडनमधल्या चेल्सी भागाच्या नगरसेविका होत्या. त्यांचं नाव पुस्तकांत राहिलं. ज्या बायकांनी आपलं रक्त तपासायला दिलं, आज घरात काय शिजलं ते सांगितलं, त्यांची नावं मात्र कुठे नाहीत. त्यांनी सांगितलं नसतं तर लूसीबाईंना काय कळलं असतं? जगातली गरोदर बाई आज फोलिक ॲसिडची गोळी घेते, त्यात परळ-लालबागच्या बायकांच्या ताटाचा वाटा आहे, हे आपण तरी लक्षात ठेवू.

सुमनचं काय झालं ते सांगते. दुसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन तिच्या घरी गेले. सासूबाईंना म्हटलं, तुम्हीही बसा. सुमनला विचारलं, "काल सकाळपासून काय काय खाल्लंस?" आणि लिहीत गेले. सकाळी चहा आणि एक बटर. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर दीड भाकरी, आमटीचा वरचा रस्सा, डाळ खाली उरलीच नव्हती. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री भात आणि ठेचा. भाजी नवऱ्याच्या डब्याला गेली होती. मी वाचून दाखवलं, तर सासूबाई बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. "एवढंच?" म्हणाल्या. एका चुलीवर जेवणाऱ्या त्या घरात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कुणी दुष्ट नव्हतं. नसलेली गोष्ट दिसत नाही, एवढंच.

त्यानंतर आमच्या गटानं एक केलं. बैठकीच्या वहीत हप्त्याच्या रकान्याशेजारी गरोदर बाईसाठी एक रकाना वाढवला: काल काय खाल्लं. आपण लिहायचं, रागवायचं नाही. बैठकीला भाजलेले हरभरे आणि शेंगदाणे आळीपाळीनं आणायचे. आणि सुमनला आधी वाढायचं, असं तिच्या सासूबाईंनीच सर्वांसमोर सांगितलं.

परवा तिची तपासणी झाली. आकडा अजून दहाच्या खाली आहे, पण साडेसातावरून नवाच्या जवळ आला आहे. डॉक्टरांनी पुन्हा पंधरा दिवसांनी बोलावलंय, तेव्हा मी बरोबर जाणार आहे. गोळ्यांची पाकिटं आता डाळीच्या डब्यामागं नाहीत. चुलीशेजारी खिळ्याला एक पिशवी टांगली आहे, तिच्यात असतात. रात्री जेवणं झाली की सासूबाईच हाक मारतात, "सुमे, गोळी."

बरं मैत्रिणींनो, येते. नमस्कार.